बेस बोलता कसा करावा

आमच्या वाडीच्या भजनात काका पखवाज वाजवायचे आणि डाव्या पुडीला कणीक लावायचं काम माझ्याकडे असायचं. एकदा मी हौसेने गोळा जरा मोठा थापला. काकांनी एक थाप मारली, मान हलवली आणि म्हणाले, "घुमता बरा, पण बोलणा नाय." मग अर्धी कणीक नखाने खरवडली, उरलेली अंगठ्याने कडेकडे पसरली आणि पुन्हा थाप दिली. आता आवाज खोल होता, आणि सूरही ओळखू येत होता.

आज कुडाळजवळच्या त्याच घरात, माळ्याखालच्या खोलीत मी इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. सिंथवर (इलेक्ट्रॉनिक सूर बनवणारं वाद्य किंवा सॉफ्टवेअर) बेस, म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा आवाज, घडवताना काकांचं तेच वाक्य माझी कसोटी असतं. खोल बेससाठी लोक नुसता खालच्या सुरांचा जोर वाढवत नेतात. त्याने बेस घुमतो, बोलत नाही.

मी व्हायटल हा सिंथ वापरतो. 2020 मध्ये आला आणि त्याची मूळ आवृत्ती फुकट मिळते. बाकी कुठलाही चालेल, नॉब सगळीकडे तेच असतात.

आधी स्वर ठरवा. गाणं पांढरी तीनमध्ये (म्हणजे E मध्ये) असेल तर खालच्या सप्तकातला तो स्वर 41 हर्ट्झवर (सेकंदाला 41 कंपनं) पडतो. पांढरी चार 44 वर, पांढरी पाच 49 वर, पांढरी सहा 55 वर. 40 ते 55 हा पट्टा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. पांढरी एक 33 हर्ट्झपर्यंत उतरते, तिथे बरेच स्पीकर हात टेकतात. अशा वेळी गाण्याची पट्टीच बदला, त्यात कमीपणा नाही. गायकासाठी आपण पेटीची पट्टी बदलतोच की.

आता पहिला ऑसिलेटर, म्हणजे लाट तयार करणारा भाग. त्यावर नुसती साइन वेव्ह (गुळगुळीत, शुद्ध लाट) घ्या, एकच व्हॉइस (लाटेची एकच प्रत). व्हायटलमध्ये फेजच्या (लाट कुठून सुरू होते त्याच्या) शेजारी रँडमायझेशनचा नॉब असतो, तो शून्यावर आणा. नाहीतर प्रत्येक स्वर लाटेच्या वेगळ्या जागेवरून सुरू होतो, एक ठोका भरीव तर पुढचा पोकळ लागतो, आणि आपण कारण शोधत बसतो. अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) 3 ते 5 मिलिसेकंद, रिलीज (विरायला लागणारा) 60-80. अटॅक अगदी शून्य ठेवला आणि लाट मधूनच सुरू झाली, तर कट असा आवाज येतो.

या साइनला डिट्यून करू नका, म्हणजे किंचित वेगळ्या सुराची जोडीदार लाट देऊ नका. 41 आणि 41.5 हर्ट्झच्या दोन लाटा एकत्र वाजल्या की दर दोन सेकंदांनी आवाज बुडतो आणि वर येतो. भरती-ओहोटी समुद्रात छान, सबमध्ये (सगळ्यात खालच्या या थरात) नको.

दुसरा ऑसिलेटर बोलण्यासाठी. एक सप्तक वर सॉ वेव्ह (करवतीसारखी धारदार लाट) घ्या, हवं तर इथे थोडं डिट्यून करा. तिला लो-पास, म्हणजे वरचे सूर कापणाऱ्या, फिल्टरमधून न्या, कटऑफ (कापायची सीमा) 200 हर्ट्झच्या आसपास. मी लॅडर प्रकारचा फिल्टर घेतो. 1970 च्या मिनीमूग सिंथमध्ये तोच होता, दर सप्तकाला 24 डेसिबल कापणारा. त्या मूळ लॅडरमध्ये रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) वाढवला की खालचा आवाज पातळ होतो, म्हणून साइन फिल्टरमधून न नेता सरळ बाहेर काढा. मग रेझोनन्सशी मनमोकळं खेळता येतं. फिल्टरच्या एन्व्हलपचा (कटऑफ वर-खाली हलवणाऱ्या भागाचा) डिके, म्हणजे खाली उतरायचा वेळ, 250 मिलिसेकंद ठेवा, म्हणजे स्वर उघडतो आणि मिटतो. या थराचं 80 हर्ट्झच्या खालचं कापून टाका, ती जागा साइनची.

डग्ग्यावर मनगट दाबून जो सूर घसरतो, तो ग्लाइडने आणता येतो. सिंथ मोनोफोनिक (एका वेळी एकच स्वर) करा, लेगाटो (स्वर जोडून वाजणं) चालू, ग्लाइड 70 मिलिसेकंद. स्वर एकमेकांवर किंचित चढतील असे लिहा, म्हणजे घसरण फक्त तिथेच लागेल. पानभर ग्लाइड घातला की तो ऐकू येईनासा होतो; चार मात्रांत एकदा पुरे.

मग सॅच्युरेशन, म्हणजे जोर (ड्राइव्ह) देऊन लाट किंचित चेपणं, आणि हीच माझी कणीक. 41 हर्ट्झच्या साइनला हलका ड्राइव्ह दिला की वर 82, 123, 164 असे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले सूर) उगवतात. फोनच्या इवल्या स्पीकरमधून 41 येतच नाही, पण वरची ही रांग ऐकून आपला कान खालचा स्वर मनातच भरून काढतो. ड्राइव्ह थोडा थोडा वाढवा, आणि साइन खरखरायला लागली की तिथून एक पाऊल मागे या.

सब नेहमी मोनो, म्हणजे डावी-उजवीकडे सारखाच, ठेवा. एका शिमग्यात वाडीच्या मंचावर माझा ट्रॅक वाजला, आणि हेडफोनवर कानाभोवती पसरणारा बेस तिथे गायब. मी सबवर स्टिरिओ रुंद करणारा इफेक्ट लावला होता. डावी-उजवी बाजू उलट फेजमध्ये गेली होती, मंचाच्या साउंड सिस्टिमवर दोन्ही एकत्र होऊन मोनो झाल्या आणि एकमेकींना खाऊन गेल्या. त्या रात्री मला फार लागलं. तेव्हापासून 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मी मधोमध ठेवतो, आणि मोनोचं बटण दाबून ऐकल्याशिवाय फाइल बाहेर काढत नाही.

किकसाठी (ड्रमचा खालचा ठोका) साइडचेन लावा, म्हणजे त्या ठोक्याला बेस आपोआप क्षणभर मागे सरतो: 4-5 डेसिबल दबेल इतकं, रिलीज 100 मिलिसेकंदच्या आसपास.

ऐकताना खोलीवर विसंबू नका. माझी खोली 12 फूट लांब, भिंती जाड चिऱ्याच्या. एवढ्या लांबीत 47 हर्ट्झची लाट अडकून घुमते, म्हणजे साधारण काळी तीन. तो स्वर आला की भिंतीजवळ बेस फुगतो आणि खोलीच्या मधोमध बसलं की विरतो. मी खुर्ची मधून थोडी मागे सरकवली आणि हेडफोनवर पडताळायला लागलो. रात्री घर झोपलेलं असताना आवाज हळू असतो. हळू आवाजात कानाला बेस कमीच भासतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं), म्हणून रात्री वाढवलेला बेस सकाळी जड निघतो. रात्री बेसच्या पातळीला हात लावू नका.

शेवटी फाइल फोनवर घ्या, फोन ओटीवर ठेवा आणि अंगणात तुळशीपाशी जाऊन उभे राहा. बेसची ओळ गुणगुणता येते का बघा. येत नसेल तर साइन तशीच राहू द्या, ड्राइव्ह एक-दोन डेसिबल चढवा आणि परत अंगणात जा.