मधपेटीसाठी राणीची जात कशी निवडावी

पेटीतल्या हजारो कामकरी माश्या एकाच राणीच्या मुली असतात. त्यामुळे वसाहतीचा स्वभाव बदलायचा तर राणी बदलावी लागते. नव्या राणीने घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस लागतात आणि ऐन हंगामात ती जेमतेम सहा आठवडे जगते. म्हणजे दोन-अडीच महिन्यांत जुनी प्रजा संपते आणि पेटी खऱ्या अर्थाने नव्या राणीची होते.

"सगळ्यात चांगली जात कोणती?" हा प्रश्न मला नेहमी अर्धवट वाटतो. चांगली, पण कोणत्या फुलोऱ्यासाठी? राणी निवडायची ती तिथून सुरुवात करून.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. इथे ज्या जातींबद्दल लिहिले आहे त्या सगळ्या मेलिफेरा (युरोपियन मधमाशी) या एकाच प्रजातीतल्या आहेत. सातेरी, म्हणजे आपली देशी सेराना माशी, ही वेगळी प्रजाती. तिचा मेलिफेराशी संकर होत नाही, त्यामुळे सातेरीच्या पेटीत मेलिफेराची राणी घालून काही साधत नाही.

१. मागच्या हंगामात काय खटकले ते लिहून काढा

माश्या फार डसत होत्या? फुलोरा ऐन भरात असताना थवा (जुन्या राणीसह वसाहतीचा मोठा भाग) निघून गेला? माश्या भरपूर होत्या पण टंचाईच्या काळात साठवलेला मध खाऊन बसल्या? वरोआ कोळी (माश्यांवर आणि पिल्लांवर जगणारा बारीक परजीवी) आवरेना? यातली एकच तक्रार निवडा, जास्तीत जास्त दोन. सगळ्या बाबतींत सरस अशी राणी कोणाकडेच नसते. एक गुण घ्यायला गेले की दुसरीकडे थोडे सोडावे लागते.

२. फुलोऱ्याचे वेळापत्रक मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते निम्मी निवड इथेच होते.

अंड्यापासून माशी व्हायला तीन आठवडे. त्यानंतर साधारण तीन आठवडे ती पेटीतच राबते: पिल्लांना भरवते, पोळे बांधते, आलेला मकरंद पिकवते. मग ती बाहेर चरायला जाते. याचा अर्थ, आज फुलावर बसलेल्या माशीचे अंडे सुमारे सहा आठवड्यांपूर्वी घातलेले असते. मुख्य फुलोरा ज्या दिवशी सुरू होतो त्याच्या सहा आठवडे आधी राणीने अंड्यांचा वेग पकडलेला हवा. उशिरा वाढणारी वसाहत फुलोरा ओसरल्यावर भरते, आणि मग ती गर्दी साठवलेल्या मधावरच पोसली जाते.

म्हणून तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. मुख्य फुलोरा लवकर येतो की उशिरा? तो एकदम येऊन जातो की महिनोन्महिने चालतो? मध्ये उपासमारीचा काळ किती मोठा असतो?

३. आता जातींकडे बघा

इटालियन राणी पिवळसर असते. तिच्या माश्या शांत, आणि पिल्लांची वाढ हंगामभर चालू. फुलोरा लांब आणि सलग असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. पण मकरंद आटला तरी ती अंडी घालणे पटकन कमी करत नाही, त्यामुळे साठा झपाट्याने संपतो. शेजारच्या कमजोर पेटीतला मध लुटण्याची खोडही या माश्यांना आहे. लहान जागेत अनेक पेट्या शेजारी-शेजारी असतील तर हे ध्यानात ठेवा.

कार्निओलन करड्या रंगाची, मूळची स्लोव्हेनिया आणि आसपासच्या प्रदेशातली. स्लोव्हेनियात तर कायद्याने हीच माशी राखली जाते. ही थंडी थोड्या माश्यांवर आणि थोड्या मधावर काढते आणि पराग येऊ लागताच अक्षरशः उसळी घेते. पराग कमी झाला की पिल्लेही कमी करते. लवकर येणाऱ्या, थोड्याच दिवसांच्या फुलोऱ्याला मी हीच सुचवेन. मात्र त्या उसळीच्या वेळी जागा कमी पडली तर थवा फुटणारच. दर आठवड्याला पेटी उघडून राणी कोश (नवी राणी वाढवायची मोठी घरे) तपासणे आणि वेळेत वरचा मजला चढवणे जमणार नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

कॉकेशियन माशीची जीभ लांब, त्यामुळे खोल फुलांतला मकरंदही तिला मिळतो. स्वभाव मवाळ. पण वाढ सावकाश, आणि प्रोपोलिस (झाडांचा चिकट डिंक) इतके लावते की फ्रेम सोडवताना हात दुखून येतात.

बकफास्ट ही मुद्दाम घडवलेली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये माश्यांची मोठी मर झाली. त्यानंतर डेव्हनमधल्या बकफास्ट मठातले ब्रदर अ‍ॅडम यांनी अनेक देशांतल्या माश्या आणून, पारखून, त्यांच्यात संकर करून ही जात तयार केली. थवा कमी फुटतो, हाताळायला सुखाची. हिची खोट पुढच्या पिढीत दिसते: मुलगी बाहेरच्या नरांशी जुळली की आईचे गुण टिकतीलच असे नाही.

रशियन माशी रशियाच्या अतिपूर्वेकडच्या प्रिमोर्स्की भागातली. तिथे वरोआचा मूळ यजमान असलेली सेराना प्रजातीची माशीही आहे, त्यामुळे या मेलिफेराला कोळ्याशी झुंजायला फार आधीपासून शिकावे लागले. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९७ मध्ये या माश्या अभ्यासासाठी नेल्या त्या याचसाठी. ही राणी स्वीकारायला इतर जातींच्या माश्या वेळ घेतात.

४. जातीच्या नावापेक्षा आईची नोंद मागा

एकाच जातीतल्या दोन राण्यांच्या वसाहतींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. विक्रेत्याला विचारा: या राणीच्या आईच्या वसाहतीत पिल्लांची स्वच्छता किती आहे? ती मोजण्याची साधी रीत अशी. झाकण लागलेल्या १०० घरांतले कोष बारीक टाचणीने टोचायचे आणि २४ तासांनी किती घरे साफ झाली ते मोजायचे. आजारी किंवा कोळी लागलेले पिल्लू ओळखून बाहेर काढणाऱ्या माश्या हे काम झटपट उरकतात. हीच चाचणी स्वतःच्या पेट्यांवरही करून बघा. कदाचित हवी ती राणी तुमच्याकडेच असेल.

राणीचे वय पाळणाऱ्याने तिच्या पाठीवर लावलेल्या रंगीत ठिपक्यावरून कळते. तिच्या जन्मवर्षाचा शेवटचा अंक १ किंवा ६ असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा.

५. परिसरातले नर कोणते, ते शोधा

राणी उडता उडता १० ते २० नरांशी जुळते आणि ते बीज आयुष्यभर साठवून ठेवते. तुम्ही जुळलेली राणी आणली तर तिचा काळ ठीक जाईल. पण माश्यांनी तिच्या जागी तिची मुलगी बसवली की त्या मुलीला जुळायला आसपासचेच नर मिळतात. आजूबाजूला चिडक्या माश्या असतील तर दोनेक पिढ्यांत तुमची पेटीही तशीच होते. १९५६ मध्ये ब्राझीलमध्ये आफ्रिकन राण्या आणल्या गेल्या, पुढच्या वर्षी २६ थवे निसटले, आणि त्यांच्या संकरित संततीने हळूहळू दोन्ही अमेरिका खंडांत पाय पसरले. दूरची राणी मागवण्याआधी तिथला कायदा आणि रोगमुक्तीचा दाखला तपासावा, तो यासाठीच. शेजारचे मधपाळ जी जात नीट सांभाळताहेत, तीच घेण्यात मला जास्त शहाणपण वाटते.

६. राणी बसवा आणि वाट बघा

जुनी राणी काढा. काही तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी, नवी राणी पिंजरीसह पिल्लांच्या फ्रेममध्ये ठेवा. पिंजरीचे तोंड साखरेच्या मऊ गोळीने बंद असावे. ती खाऊन वाट मोकळी करताना माश्यांना राणीच्या वासाची सवय होते. माश्या जाळीला घट्ट चिकटून चावत असतील तर अजून नाराजी आहे. बोटाने अलगद बाजूला होत असतील तर स्वीकार झाला. मधल्या काळात त्यांनी स्वतः बांधायला घेतलेले राणी कोश मोडा. राणी पिंजरीबाहेर आल्यावर मात्र आठवडाभर पेटी उघडू नका. नंतर उघडाल तेव्हा राणी शोधत बसू नका. घराच्या तळाशी उभे असलेले एकेक अंडे दिसले की पुरे.

नव्या जातीबद्दल मत दहा आठवड्यांनीच बनवा. त्याआधी तुम्हाला डसणाऱ्या माश्या बऱ्याचशा जुन्या राणीच्याच असतात.