खाण थांबलेल्या गावाचा इतिहास कसा नोंदवावा

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि केपे या तालुक्यांच्या खाणपट्ट्यात कोणत्याही गावाचा इतिहास विचारला, की बोलणे थोड्याच वेळात कंपनी, न्यायालय आणि ट्रक यांवर येते. खाणीने गावे इतकी व्यापली होती, की हे स्वाभाविकच आहे. तरीही लोहखनिजाचा मोठा व्यवहार हा या गावांच्या आयुष्यातील साठ-सत्तर वर्षांचा भाग आहे आणि त्याआधीची गावकारी (गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणारी जुनी संस्था), कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), देवस्थाने व वायंगणाची (हिवाळी भाताची) शेते ही त्याहून कितीतरी जुनी आहेत. डिचोली तालुक्यातील आमच्या गावाचा इतिहास आम्ही चौघांनी दोन वर्षे खपून लिहिला. त्यात ज्या चुका झाल्या आणि ज्या गोष्टी साधल्या, त्यांवरून ही पद्धत मांडली आहे. वाडीवरचा तरुण, शाळेतील शिक्षक किंवा महिला मंडळ यांपैकी कोणीही ती वापरू शकेल.

सुरुवात खाणीपासून करू नये, जमिनीच्या नावांपासून करावी. आम्ही उलटे केले आणि पहिले चार महिने फुकट गेले. ज्याला विचारावे तो यंत्रे कधी आली, ट्रकची फेरी किती रुपयांची होती हेच सांगे आणि सर्वांची उत्तरे सारखीच येत. मग आम्ही भू-सर्वेक्षण कार्यालयातून गावाचे सर्व्हे प्लॅन घेतले, ते जोडून मोठ्या कागदावर उतरवले आणि देवळाच्या चौकात अंथरले. गोवा मुक्तीनंतरच्या सर्वेक्षणात तयार झालेल्या या नकाशांत आणि ‘फॉर्म १ व १४’ या जमीन-नोंदीच्या उताऱ्यांत आज खड्डा असलेल्या जागी शेताचा बांध, पायवाट किंवा बागायत दिसू शकते. प्रत्येक सर्व्हे क्रमांकावर बोट ठेवून तीनच प्रश्न विचारावेत: या जागेला काय म्हणत, इथे काय पिकत असे आणि पाणी कुठून येत असे.

त्या दिवशी ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी चष्मा नाही म्हणून नकाशा बघण्याचेच नाकारले. त्यांनी कागदावर देऊळ कुठे आहे एवढे विचारून घेतले, तिथे तळहात ठेवला आणि डोळे मिटून बोटे सरकवत एकेक नाव सांगितले. सरदीचे (पावसाळी भाताचे) शेत, त्याखाली वायंगण, पलीकडे मोरड (उंचावरची शेतजमीन), तिथून चढ लागला की नाचणीची कुमेरी (डोंगरावरची फिरती शेती) आणि डोंगराच्या कुशीत बारमाही झर. त्यांचे बोट ज्या ठिकाणी थांबले, तिथे आज मातीचा डंप आहे. तासाभरात सव्वीस नावे मिळाली आणि त्यांपैकी बहुतेक नावे तिथे बसलेल्या चाळिशीच्या आतल्या कोणालाही ठाऊक नव्हती. एक टन खनिज काढताना साधारण अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागे. त्यामुळे गावाने एक डोंगर गमावला आणि दुसरीकडे एक बिननावाचा डोंगर कमावला, ही गोष्ट नकाशावर नावे चढवल्याशिवाय नीट कळत नाही.

नावे हाती आली की कालक्रम बसवावा. इथे सर्वांत मोठा सापळा ‘खाण बंद झाली’ या तीन शब्दांत आहे. गोवा सरकारने १० सप्टेंबर २०१२ रोजी खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्याने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ती उठवली. याच निवाड्याने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सारे उत्खनन बेकायदा ठरवले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने ८८ लिजांची (खाणींच्या भाडेपट्ट्यांची) नूतनीकरणे रद्द झाली आणि मार्चच्या मध्यावर यंत्रे पुन्हा थांबली. म्हणून बंदच्या आठवणी सांगणाऱ्याला ‘पहिली बंदी की दुसरी’ असे लगेच विचारावे. पहिल्या बंदीच्या वेळी अनेकांचे ट्रक नवे होते व कर्जाचे हप्ते चालू होते, तर दुसऱ्या बंदीपर्यंत कित्येकांनी ते भंगारात काढले होते. दोन्ही आठवणी एकत्र झाल्या, तर घराघराचा हिशेब चुकतो.

त्यामागच्या काळासाठी लोकांना साल विचारू नये. त्यांना टेकू द्यावेत. १९५५ ची भारताने केलेली आर्थिक नाकेबंदी, १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का यावरचा १९६७ चा जनमत कौल, १९८७ चे घटक राज्य हे टेकू वयस्कांना लगेच ओळखता येतात. ‘जनमत कौलाला मत दिले तेव्हा तुम्ही खाणीवर होता का?’ या प्रश्नाला नेमके उत्तर येते, आणि ‘कोणत्या साली लागलात?’ या प्रश्नाला बहुधा अंदाज येतो.

कागदपत्रांचे काम याच्या बरोबरीने चालावे, मात्र आधी नव्हे. खाणींचे जुने परवाने १९०६ च्या पोर्तुगीज कायद्याखाली दिले गेले होते. ते कायमस्वरूपी समजले जात. भारत सरकारने १९८७ च्या कायद्याने, २० डिसेंबर १९६१ पासूनच्या पूर्वलक्षी परिणामाने, त्यांचे लिजांत रूपांतर केले. या परवान्यांच्या घोषणा पोर्तुगीज सरकारच्या राजपत्रात शोधाव्यात. पणजीचे पुराभिलेख खाते आणि पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय ही दोन ठिकाणे त्यासाठी गाठावीत. गावाच्या नावाची पाच-सहा स्पेलिंगे आधी लिहून न्यावीत, कारण पोर्तुगीज लेखनात ‘श’ हा उच्चार ‘एक्स’ या अक्षराने दाखवतात आणि ‘ळ’ वेगळा ओळखता येत नाही. नव्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या मुलखातल्या) गावांचे जुने कागद मोडीतही सापडतात. ते वाचणारा माणूस सोबत असेल तर उत्तम. धारबांदोडा तालुका २०११ मध्ये वेगळा झाला, तेव्हा त्यातील बरीच गावे आधीच्या कागदांत सांगे तालुक्याखाली शोधावी लागतील.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७१ आणि १९९१ च्या आकड्यांत खाणकामगारांचा वेगळा रकाना आहे, तर २००१ व २०११ मध्ये ते ‘इतर कामगार’ या गटात मिसळले आहेत. खनिज निर्यात वर्षाला ५ कोटी टनांपलीकडे गेली ती २०१० च्या आसपास, म्हणजे खाणींच्या भरभराटीच्या ऐन काळात गावपातळीवरचा हा आकडा हातात येत नाही. ती उणीव रेशनकार्डे, शाळेची पटनोंद आणि पंचायतीची घरपट्टी यांवरून थोडीफार भरून काढता येते. माझ्या मते या सगळ्यांपेक्षा मोलाचा कागद म्हणजे खाणीला पर्यावरण दाखला देण्याआधी झालेल्या जनसुनावणीचे इतिवृत्त. १९९७ पासून अशी सुनावणी बंधनकारक झाली आणि तिच्या नोंदींत विहीर आटल्याची तक्रार करणारी बाई आणि रोजगार बुडेल म्हणून कळवळणारा ट्रकमालक एकाच पानावर भेटू शकतात. त्या नोंदी संकेतस्थळावर न मिळाल्यास माहिती अधिकाराखाली मागावी. अर्जात गाव, लिजाचे नाव आणि वर्ष स्पष्ट नमूद करावे. मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते.

मुलाखतींचे काम नाजूक आहे. खाणपट्ट्यात एकाच घरात ट्रक घेतलेला थोरला भाऊ आणि शेतात गाळ आल्याने भातशेती सोडलेला धाकटा भाऊ राहतात. सत्तरीतील सोनशी गावात २०१७ साली धुळीविरुद्ध रस्ता अडवणाऱ्या गावकऱ्यांना तुरुंगात जावे लागले. अशा प्रसंगांनी पडलेल्या भेगा अजून भरलेल्या नाहीत. मी एका वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत त्यांच्या ओसरीवर, ट्रकमालक पुतण्याच्या देखत घेतली. पाऊण तासात त्यांनी ‘सगळे बरे चालले होते’ याखेरीज काहीही सांगितले नाही. आठ दिवसांनी ते स्वतःच शेताच्या बांधावर भेटले आणि दोन तास बोलले. तेव्हापासून आम्ही एका वेळी एकाच माणसाशी, शक्यतो चालता चालता बोलतो. खाण चांगली की वाईट हा प्रश्न कोणालाही विचारत नाही. पहिला पगार किती होता व त्यातून काय आणले, माहेरच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असे, खनिजाच्या पाट्या डोक्यावरून नेणाऱ्या बायकांना सुट्टी कधी मिळे, नदीवरच्या धक्क्यावर बार्ज (खनिज वाहून नेणारी सपाट तळाची होडी) भरायला किती तास लागत, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी विचाराव्यात. भल्याबुऱ्याचा निवाडा त्यांतून आपोआप बाहेर येतो.

मुलाखत ज्या बोलीत झाली, त्याच बोलीत उतरवावी. प्रमाण मराठीत आणताना ‘व्हाळ’ (ओढा), ‘झर’ (झरा) आणि ‘तळी’ या तिन्हींचा ‘पाणवठा’ होतो आणि मग नकाशावर काय दाखवावे ते समजत नाही. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्यावी आणि नाव छापायचे की नाही हे प्रत्येकाला दोनदा विचारावे, एकदा बोलण्यापूर्वी आणि एकदा मजकूर वाचून दाखवल्यावर. कर्नाटक किंवा इतर राज्यांतून आलेल्या यंत्रचालकांना आणि मजुरांनाही यात धरावे. गावाने त्यांना ‘बाहेरचे’ मानले, तरी त्यांपैकी काहींची मुले इथल्याच शाळेत शिकली.

सामाजिक जीवनाची नोंद सणांच्या आधाराने करावी. पौषातला बायकांच्या गाण्या-नाचाचा धालो, शिगमो, डिचोली-सत्तरीतली घोडेमोडणी (घोड्याच्या सोंगाचा नाच), सत्तरीतले रणमाले (लोकनाट्य), ग्रामदेवी सातेरीचा उत्सव यांपैकी गावात काय होत असे, कोणत्या मांडावर (उत्सवाच्या ठरलेल्या अंगणात) होत असे आणि खाणीच्या रस्त्यामुळे तो मांड हलवावा लागला का, हे विचारावे. धालोच्या ओव्यांत देवस्थानांची आणि रानाची नावे येतात. आम्हाला हरवलेल्या दोन जागा नकाशाने नव्हे, तर एका ओवीने मिळवून दिल्या. देवळाच्या जीर्णोद्धाराला आणि दशावताराला खाणीच्या पैशाने हातभार लागला असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे. तेवढे वगळले, तर सुबत्तेचा काळ पाहिलेली माणसे पुस्तकावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

प्रत्यक्ष जागा पाहायला पाऊस संपून रस्ते वाळल्यावर जावे आणि एकट्याने जाऊ नये. काही खाणींचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे, कडा ठिसूळ असतात आणि खड्ड्यातल्या पाण्याची खोली वरून कळत नाही, म्हणून काठापासून दूर राहूनच छायाचित्र घ्यावे. गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे त्यासोबत लावली, की डंप कोणत्या वर्षांत वाढला ते स्पष्ट दिसते. या कामाला उशीर करू नये. २०२२ पासून खनिज ब्लॉकांचे लिलाव होत आहेत, २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरूही झाले, आणि एकदा ट्रक धावू लागले की बोलायला कोणाला सवड नसते.

छापण्यापूर्वी कच्चा मसुदा देवळात किंवा शाळेत मोठ्याने वाचावा आणि दुरुस्त्यांसाठी निदान एक महिना ठेवावा. आम्ही प्रत्येक प्रतीत उजवे पान कोरे सोडले, सोबत पेन्सिल बांधली आणि प्रती पंचायत, शाळा व देवस्थान यांच्याकडे दिल्या. पहिली दुरुस्ती त्याच आजींनी नातीकडून लिहून पाठवली. झरीचे नाव आम्ही चुकीचे ऐकले होते आणि ती डोंगराच्या उगवतीला नव्हे, मावळतीला होती.