दूध तोडल्यानंतरची कालवड: नव्या गोठेवाल्यांसाठी

आमच्या संगमनेर भागात कुणाचा नवा गोठा बघायला गेलं की मालक आधी दुभत्या गाई दाखवतो. मी मागच्या दावणीला जाते. तिथं तीन महिने ते वर्षाच्या कालवडी असतात आणि दुभत्यांच्या गव्हाणीतलं उरलंसुरलं त्यांच्यापुढं पडतं. अशा कालवडी वेळेवर माजावर येत नाहीत, मग बोल लागतो रेतनाला.

दूध साधारण तिसऱ्या महिन्यात तोडतात. मी वयापेक्षा खाणं बघते. संकरित वासरी सलग तीन दिवस किलोभर काफ स्टार्टर (वासरांचा खास खुराक) संपवायला लागली की हळूहळू दूध कमी करायचं. त्याच आठवड्यात जागा बदलणं, शिंगं डागणं, लस टोचणं नको. ताणावर ताण आला की हगवण लागते. शेणात रक्त दिसलं तर बहुधा रक्ती हगवण असते. नेहमीच्या जंताच्या औषधानं ती थांबत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

सहा महिन्यांपर्यंत नुसत्या कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यांवर कालवड वाढत नाही. पोट सुटतं, पाठीचा कणा मात्र हाताला टोचतो. पोट बघून लोक म्हणतात, चांगली भरलीय! म्हणून टेप हवीच. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 50 आणि लांबी 42 असेल तर वजन 159 किलो. महिन्याला 15 किलो तरी वाढ हवी. तेवढी नसेल तर आधी खुराक आणि जंत तपासा. उलट भरडा फार झाला तर कासेत चरबी धरते, तेही नको. 250 किलोच्या पुढं गेली की रेतन करून भरवायची; चांगल्या संगोपनात हे 15 ते 18 महिन्यांत होतं.

ब्रुसेला म्हणजे गाभ टाकायला लावणारा, माणसालाही होणारा रोग; त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच, आयुष्यात एकदाच देतात. लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळं टोचणाऱ्यानं हातमोजे घालावेत, घरातल्या गरोदर बाईनं तिथं थांबू नये.

लहान-मोठ्या एकत्र सोडू नका, मोठी लहानीला गव्हाणीपाशी येऊ देत नाही. आणि रोज सड बघा. ओले, चिकट दिसले तर दुसरी कुणीतरी चोखतेय. पुढं तो सड निकामी होऊ शकतो. चोखणारी शोधून लगेच वेगळी करा आणि तिच्या नाकात काटेरी रिंग घाला.