फिल्म एसएलआर घेताय? या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादा फिल्म एसएलआर (आरशामुळे भिंगातूनच बघता येणारा कॅमेरा) हाती लागला, की पहिला प्रश्न ठरलेला: 'प्रोफेशनल आहे का?' पहिली चूक हीच. निगेटिव्हवर उमटतं ते भिंगातून आलेलं. बॉडीसाठी जास्तीचे पैसे मोजता ते शटरचा वेग, व्ह्यूफाइंडर आणि दणकटपणा यांचे.

वेगाचा हिशोब कागदावर मांडून बघा. पर्वतीवर भर दुपारच्या उन्हात १०० आयएसओच्या (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) रोलला ॲपर्चर (भिंगाचं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं) १६ आणि शटर १/१२५ सेकंद लागतं. पेन्टॅक्स के१००० चं शटर १/१००० ला थांबतं, म्हणजे ५.६ पेक्षा मोठं ॲपर्चर उघडलं की फिल्मवर गरजेपेक्षा जास्त उजेड पडतो. निकॉन एफ३ ला १/२००० मिळतं, म्हणजे ॲपर्चर ४ पर्यंत. एफएम२ ला १/४०००, म्हणजे २.८. एफ५ ला १/८०००, म्हणजे २. गंमत बघा, मधल्या फळीतला एफएम२ प्रोफेशनल एफ३ च्या पुढे गेला! तेव्हा वर्गवारीवर न जाता तुम्हाला उन्हात ॲपर्चर मोठं उघडून पार्श्वभूमी धूसर करायची आहे का, एवढंच ठरवा.

दुसरी चूक सेलची. कॅनन एई-१ चं शटर ६ व्होल्टच्या ४एलआर४४ सेलशिवाय पडतच नाही. 'बंद पडलाय' म्हणून विकायला काढलेल्या एखाद्याला नुसता नवा सेल हवा असतो. के१००० आणि एफएम२ मध्ये सेल फक्त मीटरला (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) लागतो. एफ३ चा सेल संपला तर आणीबाणीच्या खटक्यावर साधारण १/६० एवढंच हाती राहतं. के१००० च्या मीटरला बटणच नाही. भिंगावर टोपण ठेवलं नाही तर तो सेल खात बसतो. सेलच्या कप्प्यात पांढरा-हिरवा थर असेल तर व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा फिरवा आणि लगेच कोरडं पुसा.

ऑटोफोकसवाल्यांनी आणखी एक बघावं: निकॉन एफ८० वर जुनं मॅन्युअल (एआय प्रकारचं) निकॉन भिंग बसतं, पण मीटर चालत नाही. एफ१०० वर चालतं.

रोल धुऊन आल्यावर कडेला नारिंगी-लाल पट्टे दिसले तर दोष बहुधा लॅबचा नसून मागच्या झाकणाच्या स्पंजचा असतो. तो जुना होऊन चिकट होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी टूथपिकने खरवडून काढा, खाचेत नवा स्पंज किंवा काळी लोकर बसवा. शटरच्या पडद्याला बोट किंवा थेंब लागू देऊ नका. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. भिंग घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत द्या.

शटर तपासायला झाकण उघडा, भिंग काढा, उजळ आकाशाकडे रोखून १/१००० वर दाबा. चौकटीची एक बाजू काळी राहिली तर पडदे अडकतायत, सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.

रोल भरल्यावर रिवाइंडचा नॉब हलकेच फिरवून ढिलाई काढा, मग फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढा. नॉब उलटा फिरला तरच रोल पकडलाय. तो स्थिर राहिला तर ३६ फोटो काढूनही निगेटिव्ह कोरी येईल.