फोंड्याच्या मसाल्याच्या बागेत एक दिवस जायचंय? मग ही तयारी

गोव्यात येऊन फक्त बीच करून परत जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एक दिवस फोंड्याकडच्या कुळागरांसाठी, म्हणजे पोफळी-मसाल्याच्या बागांसाठी, ठेवाच. कुर्टी, केरी, सावईवेरें इथल्या खाजगी बागा लोकांना आत येऊ देतात, गाईड फिरवतो, आणि पोफळी, मिरवेल, जायफळ, दालचिनी, वेलची, व्हॅनिला असं सगळं एकाच सावलीत बघायला मिळतं. पण थोडी तयारी हवी, नाहीतर तासाभरात जेवून बाहेर पडाल आणि बघितलं काय ते आठवणारही नाही.

आधी फोन करा. वेळ, तिकीट, जेवण तिकिटातच आहे का, आणि मराठी बोलणारा गाईड मिळेल का हे विचारून घ्या, घरी आई-बाबा किंवा आजी असतील तर हे शेवटचं फार महत्त्वाचं. सकाळचीच वेळ मागा कारण दुपारी टूरच्या बसेस आल्या की गाईडला घाई होते. पणजीहून फोंडा तीसेक किलोमीटर, कदंबाची बस मिळते, पण बागा गावाच्या आत आहेत त्यामुळे पुढच्या रिक्षाचं किंवा स्वतःच्या गाडीचं बघून ठेवा. वाटेत मंगेशीला थांबणार असाल तर अंगभर कपडे घाला, डासांसाठीही तेच बरे.

चपला ग्रिपवाल्याच. पाटाच्या कडेने चालावं लागतं, तिथे शेवाळ असतं आणि खाली पडलेल्या पोफळीच्या झावळ्या ओल्या झाल्या की जाम घसरतात. पाण्याची बाटली, डासांचं क्रीम, थोडी कॅश, पावसाळा असेल तर छत्री. परफ्यूम मात्र नको, खरंच नको, कारण इथली अर्धी मजा नाकाची आहे. दालचिनीचं पान चुरगाळून हुंगायचं असतं, पण गाईडने दिलं तरच, स्वतः तोडू नका, ही कुणाची तरी शेती आहे.

कधी जायचं ते काय बघायचंय त्यावर ठरवा. जायफळं बघायची तर पावसाळ्यात जा, फळ उकलतं आणि आत बीभोवती लालभडक जायपत्रीची जाळी दिसते, वाळल्यावर डब्यातली जायपत्री बघून तो रंग लक्षातही येणार नाही. मिरीचे घोस हिवाळ्यात छान भरतात, आणि हिरवी, काळी, पांढरी मिरी एकाच वेलीची असते हे मुलांना तिथेच दाखवा. व्हॅनिला फुलत असेल तर गाईडला परागीभवन करून दाखवायला सांगाच! फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मावळतं, तेवढ्या वेळात बारीक काडीने आतला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायचा, प्रत्येक फुलाला हाताने, मग शेंग तयार व्हायला जवळपास नऊ महिने. ही पद्धत 1841 साली हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आजही तीच वापरतात. मला तर व्हॅनिलाच्या वेलीसमोर उभं राहिलं की आधी तोच आठवतो.

शेवटी खरेदी. पिशवी न्या, मसाले अख्खेच घ्या, पावडर नको, आणि जायफळ हातात घेऊन बघा, जड असलं आणि भोकं नसली तरच उचला.