मांजराला आंघोळ: घालावी का, आणि घालायचीच झाली तर कशी

बहुतेक मांजरांना आंघोळीची गरज नसते. घरात राहणारं, निरोगी, आखूड केसांचं मांजर जन्मभर एकदाही टबात न उतरता स्वच्छ राहू शकतं. नवं मांजर घरी आलं की हौसेने पहिल्याच आठवड्यात त्याला न्हाऊ घालणारे मी बरेच पाहिले आहेत. त्यात मांजराचा फायदा काही होत नाही, उलट नव्या माणसांवर बसू लागलेला विश्वास उडतो.

मांजराची जीभ हीच त्याची फणी आणि तोच त्याचा ओला पंचा. तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात आणि ते केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची बनलेली असतात त्याच पदार्थाचे बनलेले असतात. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवून दिलं की या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात. ती तोंडातली लाळ ओढून घेतात आणि दाट केसांतून पार कातडीपर्यंत नेतात. जागेपणीचा बराच वेळ मांजर या कामात घालवतं. आपण मगाने ओतलेलं पाणी तिथवर पोचवायला आपल्याला किती खटपट करावी लागते, ते पुढे येईलच.

म्हणून मांजर अचानक मळकट दिसू लागलं, तर साबण शोधण्याआधी एक प्रश्न विचारायचा: याने स्वतःला चाटणं का सोडलं? आमच्या मनीच्या पाठीवर शेपटीजवळ तेलकट, चिकट पट्टा दिसू लागला, तेव्हा माझ्या मनात आधी आंघोळच आली होती. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर हिरड्या सुजलेल्या. चाटताना दुखायचं म्हणून तिने ते सोडलं होतं. जाड झालेल्या मांजराची मान पाठीपर्यंत वळत नाही आणि म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात. अशा वेळी आंघोळीने मळ जातो आणि दुखणं तसंच राहतं.

कधी घालावी, कधी नाही

आंघोळ लागते ती अशा वेळी: अंगाला काही चिकट किंवा विषारी लागलं, जुलाबाने मागचा भाग बरबटला, किंवा मांजर आजारपणामुळे वा वयामुळे स्वतःची निगा राखू शकत नाही. स्फिंक्ससारख्या बिनकेसांच्या मांजरांना मात्र ती नेमाने लागते, साधारण आठवड्याने किंवा पंधरवड्याने, कारण कातडीतून पाझरणारं तेल शोषून घ्यायला अंगावर केसच नसतात. गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग झाला तर डॉक्टर औषधी शाम्पू सांगतात. हा संसर्ग माणसांनाही होतो, म्हणून तेव्हा हातमोजे घालायचे.

पिसवांसाठी आंघोळ घालणं हा मात्र बहुतेक वेळा वाया गेलेला त्रास. अंगावरच्या पिसवा पाण्याबरोबर जातात, पण त्यांची अंडी आणि अळ्या अंथरुणात, गालिच्यात, फटींमध्ये असतात आणि काही दिवसांत सगळं पहिल्यासारखं होतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध, बारीक दातांची फणी आणि अंथरुणं गरम पाण्यात धुणं, हाच खरा उपाय. घरात कुणाला मांजराची ॲलर्जी असेल तरी गणित तेच. ॲलर्जी आणणारं मुख्य प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींमध्ये तयार होतं, त्यामुळे धुतल्यावर ते कमी होतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पहिल्याइतकं होतं.

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला न्हाऊ घालू नये. त्याला अंगातली ऊब टिकवता येत नाही आणि ते पाहता पाहता गारठतं. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करावं. ताप असलेलं, धाप लागलेलं किंवा शस्त्रक्रियेचे टाके असलेलं मांजरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय भिजवू नये. मानेवर टाकायचं पिसवांचं औषध नुकतंच लावलं असेल किंवा लावायचं असेल, तर आगेमागे किती दिवस आंघोळ टाळायची ते पाकिटावर वाचावं. बऱ्याच औषधांना दोन दिवस तरी सोडावे लागतात.

आणि सगळं अंग भिजवायलाच हवं असं थोडंच आहे? फक्त मागचे पाय घाण झाले असतील तर तेवढेच कोमट पाण्याने धुवा. पाठीवर धूळ असेल तर घट्ट पिळलेल्या फडक्याने केसांच्या दिशेने पुसा. मी दहातल्या आठ वेळा इथेच थांबते.

अंगाला विषारी काही लागलं असेल तर

इथे थांबायला वेळ नसतो, कारण मांजर ते चाटून पोटात घेतं. आधी त्याला टॉवेलात गुंडाळा, म्हणजे चाटता येणार नाही, आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. इंजिनचं तेल किंवा ऑइलपेंट काढायला रॉकेल, टर्पेंटाइन किंवा थिनर वापरू नका. त्याने कातडी भाजते आणि तेही पोटात जातं. डॉक्टर येईपर्यंत किंवा तिथे पोचेपर्यंत काही करायला सांगितलंच, तर साधारणपणे साधं खाद्यतेल चोळून डाग सैल करतात, पुसून घेतात आणि मग भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाने धुतात. उलटी करवायला जाऊ नका. लिलीच्या फुलाचा पराग अंगाला लागला असेल तर तो पुसून मांजराला तडक दवाखान्यात न्या, ते कितीही ठणठणीत दिसत असलं तरी. चिमूटभर पराग चाटल्यानेही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

साबण कोणता

फक्त मांजरांसाठी बनवलेला, शक्यतो बिनवासाचा शाम्पू. माणसाच्या आणि मांजराच्या कातडीचा आम्लपणा वेगळा असतो, त्यामुळे आपल्या शाम्पूने मांजराची कातडी कोरडी पडते. कुत्र्यांसाठीच्या शाम्पूबाबत तर मी हात जोडून सांगते, तो आणूच नका. पिसवा-गोचीड मारणाऱ्या अशा काही उत्पादनांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला मात्र त्याने झटके येतात आणि जीवही जातो. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक, टी ट्री किंवा निलगिरीचं तेल, लिंबूवर्गातली सुगंधी तेलं, हे सगळंही बाहेर ठेवा. अशी अनेक द्रव्यं फोडून शरीराबाहेर टाकायला जे विकर (एन्झाइम) लागतं ते मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतंच. नैसर्गिक किंवा औषधी असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी मांजराच्या यकृताला त्याने फरक पडत नाही.

तयारी, आणि ती मांजर आणण्याआधी

आंघोळ बिघडते ती बहुतेक तयारीत. घाई नसेल तर चार-पाच दिवस आधीपासून रिकामा टब खोलीत ठेवा आणि त्यात आवडता खाऊ टाका. मांजर आपणहून आत-बाहेर करू लागलं की निम्मं काम झालं. आदल्या दिवशी नखांची टोकं कापून घ्या.

मग विंचरणं. लांब केसांच्या मांजरात ही पायरी कधीही गाळू नका, कारण गुंता भिजला की आवळतो आणि कातडी ओढतो. फणीने न सुटणारा गुंता कात्रीने कापायचा मोह होतो. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गुंत्याबरोबर ती तंबूसारखी वर उचलली जाते आणि कात्री नेमकी तिच्यातून जाते. असे गुंते डॉक्टरांकडे किंवा जाणकार माणसाकडे मशीनने काढून घ्यावेत.

खोली लहान आणि उबदार हवी. दार-खिडक्या बंद, पंखा बंद. टबाच्या किंवा पसरट घमेल्याच्या तळाशी रबरी चटई किंवा जुना टॉवेल घाला. मांजर घाबरतं ते पाण्याला कमी, पाय घसरण्याला जास्त. तळाशी टॉवेल घातल्यावर आमची मनी गुळगुळीत टबात घालायची तेवढा आकांत कधीच करत नाही.

मांजर आत येण्याआधीच पाणी भरून ठेवा, कारण नळाचा आवाज त्यांना नको असतो. पाण्याची खोली चार-पाच बोटं, फार तर पोटाला लागेल इतकी. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं, तेव्हा ३७-३८ अंशांचं पाणी ठीक. मनगटाच्या आतल्या बाजूला ते ना गरम लागावं ना गार. तेवढंच कोमट पाणी दोन बादल्यांत बाजूला ठेवा, हाताशी मग, मगभर पाण्यात विरघळवलेला थोडा शाम्पू, तीन टॉवेल आणि खाऊ. मदतीला एक माणूस असला तर फार सोपं जातं: एकाने धरायचं, दुसऱ्याने धुवायचं.

आता आंघोळ

१. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घालून मांजराला उचला आणि मागचे पाय आधी पाण्यात टेकवा. तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला असू द्या. पुढचे पंजे त्याने टबाच्या काठावर ठेवले तर ठेवू द्या. बखोट किंवा मानगूट धरून दाबून ठेवू नका, पिल्लाला आई उचलते म्हणून मोठ्या मांजराला ते मानवतं असं नाही.

२. मानेपासून मागे भिजवत जा. पाण्याचा मग अंगाला अगदी टेकवून पाणी सोडा, वरून धार नको. आतली मऊ लव इतकी दाट असते की पाणी वरच्यावर निथळून जातं. तळहाताने दाबत दाबत ते कातडीपर्यंत मुरवावं लागतं. शॉवर वापरू नका, त्याच्या सुसकाऱ्याने काही मांजरं बिथरतात.

३. विरघळवलेला शाम्पू केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरवा. पोट, काखा आणि शेपटीखालचा भाग विसरू नका. औषधी शाम्पू असेल तर तो बहुधा दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागतो. तेवढा वेळ मांजराला टॉवेलात गुंडाळून कुशीत घ्या आणि हळू आवाजात बोलत राहा.

४. विसळायला साबण लावण्याच्या दुप्पट वेळ द्या. राहिलेला साबण मांजर चाटणार हे धरूनच चला. बादलीतलं स्वच्छ पाणी घालत राहा, केसांतून फेस येईनासा झाला आणि निथळणारं पाणी नितळ दिसलं की थांबा.

५. तोंड फक्त ओल्या फडक्याने, साबण न लावता पुसा. कानात पाणी जाऊ देऊ नका आणि कानात काडीही घालू नका.

औषधी शाम्पू अंगावर ठेवायचा वेळ सोडला, तर हे सगळं दहा मिनिटांत आटपावं. मांजर ओरडलं, गुरगुरलं, शेपूट आपटलं तर क्षणभर हात थांबवा, श्वास घ्या आणि पुढे चला. पण तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर उरलेली आंघोळ सोडून द्या. साबण लागला असेल तर तेवढा भरभर काढा आणि टॉवेलात घ्या. थोड्या वेळात धाप थांबली नाही तर डॉक्टरांना गाठा. कुत्र्यासारखी धाप मांजराला सहसा लागत नाही, लागली तर ती गंभीर समजावी.

चावलं किंवा बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून जखम दिसते इवलीशी आणि आत पू धरतो. रेबीजच्या लसीबद्दलही तेव्हाच विचारा.

नंतर

टॉवेल चोळू नका, दाबून पाणी टिपा. पहिला भिजला की दुसरा घ्या. ड्रायर सवय नसेल तर नकोच, त्याचा आवाज घाबरवतो आणि जवळ धरला तर कातडी भाजते. खाऊ द्या आणि दार उघडायच्या आधी खोली उबदार राहील याची काळजी घ्या. मांजर कपाटाखाली जाऊन बसलं तर त्याला ओढून बाहेर काढू नका, ते तिथे बसून स्वतःला पुन्हा नीट करतं. केस पूर्ण वाळले की एकदा विंचरा.

घरात दुसरं मांजर असेल तर एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या. ते न्हाऊन आलेल्यावर फिस्कारेल, पाठीची कमान करेल, कदाचित अंगावरही जाईल. मांजरं एकमेकांना वासाने ओळखतात आणि तो ओळखीचा वास आपण नुकताच धुऊन टाकलेला असतो. दोघांना काही तास वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. घरातल्याच, दोघं लोळतात त्या अंथरुणावर न्हालेल्याला झोपू द्या आणि अंग वाळून वास परतला की मग दार उघडा.