तांब्याचा पाइप काळवंडला, हिरवा पडला? या चुका टाळा

नवा तांब्याचा पाइप तांबूस चमकतो, मग तपकिरी आणि पुढे काळपट होतो. हे ऑक्साइडचं पूट आतल्या तांब्याचं रक्षण करतं. सँडपेपरने घासून ते उतरवणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. घरगुती बारीक पाइपची जाडी कित्येकदा जेमतेम 0.7 मिलीमीटर असते. तिथलं तांबं घासून घालवू नका. जोडाशेजारचा काळा-जांभळा पट्टा बहुधा डाख देतानाच्या ज्योतीचा असतो. तोही राहू द्या.

हिरवा रंग दिसला तर मात्र थांबून पाहा. जोडावरून ओघळ आल्यासारखी हिरवी रेघ आणि हाताला कोरडी? डाख दिल्यावर फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून आधी लावतात ती पेस्ट) पुसायचा राहिला आहे. फ्लक्समधले क्लोराइड हवेतला ओलावा धरून तांबं खातात. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा. मग त्या जागी टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला किंवा हिरवट असेल तर जोड पाझरतो आहे. फक्त गार पाण्याचाच पाइप सगळीकडे सारखा ओलसर असेल, तर हवेतलं बाष्प त्यावर धरतंय. त्याला फोमचं आवरण पुरतं.

पाझरणाऱ्या जोडावर वरून एपॉक्सी थापू नका. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, पाइप पूर्ण रिकामा करा, खराब तुकडा कापून नवा कपलिंगने (दोन पाइप जोडणाऱ्या नळकांडीने) जोडा. आत थेंबभर पाणी राहिलं तरी उष्णता वाफेत जाते आणि डाख धरत नाही. डाख शिसेविरहितच वापरा.

सरळ पाइपच्या मधोमध एकच हिरवा ठिपका उठला, तर ते बहुधा टाचणीएवढं भोक आहे. कापलेला तुकडा उभा चिरून आत बघाच. आत खड्डे पडले असतील तर नुसत्या एका दुरुस्तीवर भागणार नाही. एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) पुढे घोड्याच्या नालेसारखे खड्डे असतील, तर पाण्याचा वेग जास्त आहे.

बेसिनवर निळसर-हिरवे डाग आणि पाण्याला धातूची चव असेल, तर पाइप पुसून काही होणार नाही. पाण्यात तांबं उतरतंय. पीएच तपासा, 6.5 च्या खाली असेल तर पाणी आम्लधर्मी आहे. तांब्याचं प्रमाणही तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम आहे. तोवर रात्रभर साचलेलं पाणी आधी सोडून द्या आणि स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी घेऊ नका.

तांब्याला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप थेट जोडू नका. तांब्याला टेकलेलं लोखंड पाण्याच्या सान्निध्यात झपाट्याने गंजतं. मध्ये डायइलेक्ट्रिक युनियन (दोन धातूंचा एकमेकांना स्पर्श होऊ न देणारा जोड) टाका.